घारापुरी: लेणी सोडून बाकीचं बेट एका दिवसात कसं बघावं?

खारफुटी (धागाकर्ता)

बारावीच्या भूगोलाच्या २० मुलांची क्षेत्रभेट जानेवारीत घारापुरीला न्यायची आहे. लेण्यांवर वाचायला ढीगभर मिळतं, पण आम्हाला हवंय ते बेट. गावं कुठे आहेत, लोक कशावर जगतात, पाणी कुठून येतं, भरती-ओहोटीचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो. मुलांनी नकाशा काढायचा आहे, त्यामुळे धक्का, पायऱ्या, लेणी आणि परत धक्का एवढ्यावर भागणार नाही. एका दिवसात तिन्ही गावं होतील का? आणि इतिहासाच्या सरांचा एक प्रश्न: ऐहोळेच्या शिलालेखातली 'पुरी' म्हणजे हीच का?

उरणकर_७

तिन्ही गावं होणार नाहीत, म्हणजे धावत-पळत होतील, पण मग नकाशा विसरा.

बेट साधारण अडीच किलोमीटर लांब. दोन डोंगर आणि त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण गेलेली घळ. पश्चिमेच्या डोंगरावर पाच शैव लेणी, ज्यांच्यासाठी सगळी दुनिया येते. पूर्वेचा स्तूपाचा डोंगर जास्त उंच, सुमारे १७३ मीटर. तिकडे दोन बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष. शेतबंदर वायव्येला, मोराबंदर ईशान्येला, राजबंदर दक्षिणेला. तिन्ही मिळून वस्ती बाराशेच्या आसपास, मुख्यतः आगरी आणि कोळी. तालुका उरण, जिल्हा रायगड, ग्रामपंचायत स्वतंत्र. मुंबईहून जाणाऱ्या बहुतेकांना हे बेट मुंबईचंच वाटतं, तेव्हा मुलांना पहिला प्रश्न हाच विचारा.

हमखास होणारी चूक म्हणजे उरणचं मोरा आणि बेटावरचं मोराबंदर एकच समजणं. भाऊच्या धक्क्यावरून 'मोरा' म्हणून लाँच सुटते ती उरणला जाते. तुम्हाला गेटवेहून घारापुरीची लाँच धरायची आहे. पहिली सकाळी नऊच्या सुमारास, तासाभराचा प्रवास. तिकीट जाऊन-येऊन एकत्रच असतं, परतीचा अर्धा भाग मुलांच्या हातात देऊ नका, एकाच माणसाकडे ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती आली. जॅकेट मांडीवर ठेवून बसायचं नाही, पट्टे लावून बसायचं, हे मुलांना निघण्याआधीच बजावा.

सोमवारी लेणी बंद. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुमच्या मुलांना लागेल. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा.

आखणी अशी करा: उतरल्यावर धक्क्याच्या लांब बांधावरून चालतच जा, छोट्या गाडीत बसू नका, कारण दोन्ही बाजूंचा चिखल आणि खारफुटी तिथूनच दिसते. आधी लेणी (सव्वाशेच्या आत-बाहेर पायऱ्या), जेवण, मग राजबंदर. मोराबंदर आणि स्तूपाचा डोंगर दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. तिकडे झाडी दाट आहे आणि वीस जणांची रांग फाटते. जायचंच असेल तर गावातला माणूस सोबत घ्या. मुक्कामाचा विचार नको, पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असली तरी तिच्यावर विसंबू नका, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर झुंबड असते.

पाऊणपट

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दोन्ही पक्षांना लागू, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि हिशोब ४५ धरतो. छापील कोष्टकाशी ताडून घ्याच, पण मुलांकडून आधी तोंडी काढून घ्या.

आता यातली गोम. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतं. पण त्या दिवशी भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाला. थोडक्यात, दिवसा येऊन जाणाऱ्याला घारापुरीची खरी मोठी ओहोटी दिसतच नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, पण तेव्हा भांग. पाणी फारसं हटत नाही, आणि भांग अष्टमीनंतरही एक-दोन दिवस रेंगाळतो. म्हणून मधला मार्ग द्वादशी किंवा त्रयोदशी: भरती सकाळी नऊ-पावणेदहाला, ओहोटी दुपारी तीन-चारला. लाँच भरल्या पाण्यात पोचेल आणि राजबंदरच्या वेळेला चिखल उघडा पडलेला असेल. निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतील, खडकांवर कालवं, आणि ती काढणाऱ्या बायकाही. चिखलात मुलांना उतरवू नका. वरून वाळलेला दिसतो, आत गुडघाभर पाय जातो, आणि कालवांच्या शिंपल्या चपलेचा तळ कापतात.

धक्का एवढा लांब का, याचं उत्तरही तिथेच मिळतं. किनारा उथळ आहे, उतार मंद आहे, त्यामुळे लाँचला पुरेल एवढं पाणी हवं तर धक्काच खोल पाण्याकडे न्यावा लागतो. समोर उरणच्या मोऱ्याला गाळ साचून ओहोटीत लाँचा अडकतात, तोच प्रश्न.

ताम्रपट

सरांच्या प्रश्नाला ठाम उत्तर मागू नका, मिळणार नाही. पण दोन्ही बाजू मांडता येतात.

रविकीर्तीचा ऐहोळे लेख इ. स. ६३४ चा. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना मोडलं आणि शेकडो नौकांनी 'पुरी' वेढली असं आहे. पुरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलंय. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातही पुरी राजधानी म्हणून येते. ही पुरी घारापुरी, असं म्हणणाऱ्यांकडे नाव आहे: पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ च्या सुमारास इथे आला, त्याने बेटाचं नाव 'पोरी' असंच नोंदवलंय. शिवाय किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत, म्हणजे बंदर जुनं आणि दूरच्या व्यापाराचं.

विरोधातला मुद्दा भूगोलाचाच आहे. एवढ्याशा बेटावर राजधानी, सैन्य, घोडे, बाजार पोसायला जमीन आणि पाणी कुठे? म्हणून काही जण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. मला स्वतःला हे बेट बंदर आणि देवस्थान म्हणून पटतं, राजधानी म्हणून नाही.

लेणी कुणाची यावरही लेख नाही. म्हणजे होता, पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला, असं पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु लिहितो. कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी बेटावर सापडली, त्यावरून मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं धरतात. आणि मुलांना 'त्रिमूर्ती' सांगू नका. ती ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, शिवाचीच मुखं आहेत. महेशमूर्ती किंवा सदाशिव म्हणा.

डोलकाठी

आणि बेटावरचा दगडी हत्ती? तो पोर्तुगिजांनी तोफ मारून पाडला म्हणतात ना?

ताम्रपट

लेण्यातल्या मूर्तींच्या नासधुशीशी हत्तीची गल्लत होते. हत्ती दक्षिणेला राजबंदरच्या बाजूला होता, त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. त्याची मान आणि डोकं १८१४ मध्ये निखळलं, मागोमाग बाकीचा ढासळला. १८६४ नंतर तुकडे मुंबईला आले, १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आज राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परतल्यावर दुसऱ्या दिवशी तो दाखवा, जोड स्पष्ट दिसतात.

उरणकर_७

पाण्याचं राहिलं. पावसाची कमी नाही, मुंबईसारखाच दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण पाणलोट छोटा, उतार तीव्र, खाली काळा बेसाल्ट. बरंचसं पाणी थेट समुद्रात. किनाऱ्यालगतच्या विहिरी जास्त उपसल्या की मचूळ होतात, कारण गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं आणि ते कमी झालं की खारं वर सरकतं. बेटावर छोटं धरण आहे, गावांची मदार त्याच्यावर. लेणी खोदणाऱ्यांनीही शेजारीच खडकात टाकी खोदली, ती मुलांना जरूर दाखवा.

मग हे गणित फळ्यावर घाला. ४० चौरस मीटर छप्पर, २ मीटर पाऊस, ८० टक्के हाती लागला: ६४ हजार लिटर. पाच माणसं, माणशी रोज ५५ लिटर, कोरडे आठ महिने म्हणजे २४० दिवस: ६६ हजार लिटर. म्हणजे छपरावरचं पाणी जवळजवळ पुरतं! अडतं ते साठवण्यात. ६६ घनमीटरची टाकी म्हणजे ६ बाय साडेपाच मीटर आणि २ मीटर खोल. वाळू, सिमेंट, सळ्या सगळं बोटीने आणायचं. आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम निषिद्ध, पुढच्या २०० मीटरला परवानगी. १९८७ चा जागतिक वारसा गावाला पोसतोही आणि हात बांधतोही.

वीज फेब्रुवारी २०१८ ला आली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरच्या केबलने. तिन्ही गावांत रोहित्रं बसली. त्याआधी डिझेल जनरेटर, संध्याकाळी तीन-साडेतीन तास. गावात प्रश्न विचारताना 'विकास झाला का' असलं काही विचारू नका. बर्फ पूर्वी कुठून आणायचात, हे विचारा; मासळी, टपरीवरचं शीतपेय, सगळं त्या उत्तरात येतं. कमाई टपऱ्या, डोली, वाटाडे, बोटी यांची. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद आणि गल्ला रिकामा. २०२० मध्ये लेणी बंद झाली तेव्हा तर महिनोन्महिने. मासेमारी आहे, पण आजूबाजूला जहाजांचे मार्ग, समोर १९८९ पासूनचं न्हावाशेवा बंदर, शेजारी जवाहर द्वीपाचा तेलधक्का. जाळं टाकायला मोकळं पाणी राहिलंय किती, ते मुलांनी नकाशावर रंगवून बघावं. उत्तरेला अटल सेतूही दाखवायला विसरू नका.

खारफुटी

द्वादशी पक्की करते, सोमवार टाळून. टाकीचं गणित मुलांकडून आधीच सोडवून घेते. जेवणाचं काय करावं?

पाऊणपट

वीस ताटं असतील तर वर चढण्याआधीच शेतबंदरला सांगून ठेवा, ऐनवेळी मागितलीत तर तास जातो. डबे नेलेत तर सॅकच्या आत, चेन लावून. हातातली पिशवी माकडं पायऱ्यांवरच हिसकावतात, पाण्याची बाटलीसुद्धा सोडत नाहीत.