येझदी, जावा, राजदूत घरात होती का? या, लिहा

मेधा नौपाडा
एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नवीन नंबरप्लेट सक्तीची झाली, म्हणून परवा बाबांची येझदी रोडकिंग मोटरसायकल बाहेर काढली. प्लेट लावणारा मुलगा विशीचा. स्क्रू पिळून झाल्यावर विचारतो, "मॅडम, हिची किक कुठंय?" मी गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवला आणि किक मारली. तो पाना हातात धरून बघतच राहिला. "परत एकदा करा ना!" मग शेजारच्या दुकानातल्या पोरांनाही हाका मारून बोलावलं त्याने.

तेव्हापासून डोक्यात तीच फिरतेय. बाबा वागळे इस्टेटला कामाला होते. संध्याकाळी तीन हात नाक्याकडून गाडी वळली की आई आवाजावरूनच चहा टाकायची. मला गाडी शिकवायच्या आधी त्यांची एकच अट होती: स्पार्क प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, परत बसवून दाखवायचा. ते जमलं त्या दिवशी चावी हातात दिली आणि कोपरीच्या मोकळ्या मैदानात नेलं. मुलीला काय करायचीय फटफटी, असं नातेवाईक म्हणायचे. बाबा कुणाचं ऐकून घेत नसत.

रोडकिंग 1978 ला आली, म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला. तरी आमची अजून दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठते. तुमच्याकडे कोणती होती? कुणाची होती? लिहा हो.

खाडीवरचा
जावा!!! मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, त्यावर सोनेरी रेघ. काकांची. 1973 ला वाशीचा खाडीपूल झाला तेव्हा काका एकेका भावंडाला मागे बसवून पुलावर फिरवून आणायचे. वाशीत तेव्हा होतं काय? चिखल आणि सिडकोच्या पाट्या. जास्त नंतर लिहितो, कुकर झालाय.

सायली कळवा
मेधाताई, प्लगची अट वाचून डोळ्यात पाणी आलं. बाबा आहेत का?

मेधा नौपाडा
नाहीत गं. पण त्यांची हत्यारांची पिशवी आहे, तशीच सीटखाली ठेवलीय.

बंडूनाना
नव्या मुलांसाठी थोडा इतिहास लिहितो. जावा मूळची प्रागची. फ्रांटिशेक यानेचेक यांनी 1929 ला सुरू केली. आपल्याकडे रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा काढली, 1961 पासून तिथे गाड्या बनू लागल्या. 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव आलं. इंजिन साधारण 250 सीसीचं, टू स्ट्रोक. सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन! माझ्या मुलाला अजून पटत नाही, म्हणतो दोन सिलिंडर असणार. त्याला हेड उघडून दाखवलं.

आता खरी गंमत सांगतो. जावात पायाने गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा. एकदा शीळ फाट्याला रात्री माझी क्लच केबल तुटली. बायको मागे, मांडीवर मुलगा. गाडी ढकलत जायची पाळी कुणावरही आली असती. मी नुसत्या पायाच्या गिअरवर ठाण्यापर्यंत आणली, बायकोला घरी पोचल्यावर सांगितलं. असं डोकं चालवलेली माणसं होती ती, ज्यांनी हे इंजिन काढलं. त्यांना माझा नमस्कार.

पिस्टनराव
नाना __/\__ वहिनी काय म्हणाल्या?

बंडूनाना
"तरीच आज गप्प होतात" एवढंच.

ऐरोलीची अनघा
लहानपणी माझं काम म्हणजे ऑइल मोजणं. एका लिटर पेट्रोलला 40 मिली. खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन पंपावर बाबांच्या बाजूला उभी राहायचे. ऑइल आधी, पेट्रोल वरून, मग गाडी डावी-उजवीकडे हलवायची म्हणजे नीट मिसळतं. पंपवाले काका मला "फिटर" म्हणायचे. पुढे मी खरंच मेकॅनिकल डिप्लोमा केला!! बॅचमध्ये मुली कमी होत्या पण टू स्ट्रोक मला कुणी शिकवायला लागलं नाही 😊

राजू पनवेल
आमच्यात राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मध्ये आजोबा. पनवेलच्या आसपासच्या गावांतून दूध गोळा करून आणायचे. 175 सीसी, मूळ बनावट पोलंडच्या एसएचएल गाडीची, एस्कॉर्ट्सने इथे बनवली. शेताच्या बांधावरून पण जायची. आजोबांनी आयुष्यात कधी धुतली नाही, पण चेनला तेल रोज. आमच्या घरातली दोन शिक्षणं आणि आत्याचं लग्न त्या किटल्यांवर झालंय. राजदूतला कुणी नावं ठेवू नका.

पिस्टनराव
राजूभाऊ, कोण ठेवतंय नावं! राजदूत म्हणजे बैल. (प्रेमाने म्हणतोय.)

आरएक्सवाला नेरूळ
सगळं खरं पण यामाहाच्या आरएक्स 100 चं नाव कुणी काढेल का? 98 सीसीत 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जवळपास. 1985 ते 96. पाम बीच रस्ता झाल्यावर पहाटे एकदा मोकळी सोडली होती, तो वारा अजून कानात आहे.

बंडूनाना
आरएक्ससाठी वेगळा धागा काढा. तिथे मी येईन, आवडती आहे माझीही. पण ती तरुणांची गाडी, येझदी संसाराची.

आरएक्सवाला नेरूळ
संसार मीही आरएक्सवर केला नाना, बायको घट्ट धरून बसायची एवढाच फरक 😄

सायली कळवा
26 जुलै 2005 ला आमच्या चाळीत कमरेएवढं पाणी. मामाची येझदी रात्रभर बुडालेली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले गेली. मामाने प्लग काढला आणि किक मारत राहिला, प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं पाणी उडायचं आणि आम्ही पोरं ओरडायचो. सायलेन्सर काढून उलटे केले, टाकी रिकामी केली, कार्बोरेटर पुसला, इग्निशनचे पॉइंट वाळवले. दुपारी चालू झाली! धूर एवढा की शेजारच्या आजी देवाला नारळ फोडायला निघाल्या. मग मामा त्याच गाडीवरून खारेगावपर्यंत बिस्किटं आणि मेणबत्त्या वाटत फिरला. त्याच्या बरोबरीच्या नव्या गाड्यांमधल्या निम्म्या महिनाभर गॅरेजमध्ये होत्या.

खाडीवरचा
आलो. पण सायलीताईंनी लिहिल्यावर आता काय लिहू. मामांना सलाम सांगा.
काकांचं एकच सांगतो. माळशेज घाट उतरताना ते ॲक्सिलरेटर पूर्ण बंद कधी करायचे नाहीत, मधूनमधून थोडं द्यायचे. मला वाटायचं मजा म्हणून करतात. मोठं झाल्यावर कळलं, टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटतं आणि पिस्टन जॅम व्हायची भीती. काका चौथी शिकलेले. पुस्तकात वाचून नव्हे, कानाने ऐकून गाडी कळायची त्यांना.

गृहिणी ठाणे
माझे आईबाबा दोघं आणि आम्ही दोघी बहिणी एका येझदीवर. मी टाकीवर, ताई मध्ये, आई मागे एका बाजूला पाय टाकून, साडी सावरत, मांडीवर भाजीची पिशवी. तलावपाळीला भेळ, मग गडकरीला नाटक. आता हेल्मेटशिवाय एका गाडीवर चार माणसं म्हणजे बापरे. पण आई अजून सांगते की ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं.

तुषार ८१
भेळ कुठली? तलावपाळीच्या कोपऱ्यावरची का?

गृहिणी ठाणे
हो हो तीच! चिंचेचं पाणी वेगळं मागून घ्यायची मी.

तुषार ८१
मला आता भूक लागली. मामलेदारला मिसळ खायला जातो, कुणी येतंय का?

घोडबंदरचा गणू
वडिलांनी येझदी विकली माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी. घेणारा येऊन घेऊन गेला तेव्हा मी कॉलेजात होतो, मुद्दाम तशी वेळ ठरवली त्यांनी. अजून कुठेही तो आवाज आला की वळून नंबर बघतो.

ऐरोलीची अनघा
गणू, नंबर इथे टाकू नका पण मला व्यक्तिगत निरोप करा. जुन्या गाड्यांवाल्यांची ओळख आहे, शोधून बघू. खरंच.

मेधा नौपाडा
गणू, मीही विचारते. माझ्या मेकॅनिकच्या अंगणात निम्म्या ठाण्याच्या येझद्या येतात.

घोडबंदरचा गणू
धन्यवाद. वडिलांना अजून सांगत नाही. मिळाली तर सांगेन.

नवाकोरा
मी 2018 नंतरची नवी जावा घेतलीय, लिहिलं तर चालेल का? आजोबांकडे 1970 ची आहे, बंद पडलेली, कागद जुने. काय करता येईल?

बंडूनाना
चालेल की रे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून विंटेज नोंदणी आहे, नंबरमध्ये 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला 20,000 आणि नूतनीकरणाला 5,000, दहा वर्षांसाठी. पण मग रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरण करून घे. आधी इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतात का बघ, तिथेच बहुतेकांचं अडतं.

नवाकोरा
आजोबांना आत्ता वाचून दाखवलं. म्हणतात चासी नंबर पाठ आहे 😂 उद्या बॉडीवरचा गंज घासून बघतो.

आरएक्सवाला नेरूळ
जुलैचा दुसरा रविवार जावा दिन असतो. उपवनला जमायचं का? आरएक्स आणली तर हाकलणार नाही ना?

पिस्टनराव
आणा हो. राजूभाऊ, किटल्यांसकट राजदूत पाहिजे.

राजू पनवेल
आणतो. ताक भरून आणतो.

मेधा नौपाडा
मी येतेय. जुलैत पाऊस असणार, प्लगची टोपी घट्ट बसवून या आणि एक प्लग जास्तीचा खिशात ठेवा. अनघा, येताना मोजायचं झाकण आण, माझं हरवलंय.