समितीला मत घातलं की ते वाया जातं का? 2028 च्या आधी बोलूया

शहापूरकर

परवा गल्लीतल्या मारुतीच्या देवळात बसलो होतो. विषय कर्नाटकातल्या पुढच्या विधानसभा निवडणुकीवर गेला. एक जण म्हणाला, "समितीला मत घालून काय मिळालं? भाजप नाहीतर काँग्रेस, दोघांतला एक बघायचा आणि मोकळं व्हायचं." तिथं मी गप्प बसलो, खरं रात्री झोप लागेना. म्हणून लिहितोय.

2013 ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगावचा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या संघटनेचे, दोन आमदार होते. बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 ला एकही नाही, 2023 लाही नाही. तरी 2023 ला दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या नंबरला आले, भाजपच्या अभय पाटलांपेक्षा बारा हजारांच्या आसपास मतांनी मागे. याला वाया म्हणायचं?

आमदार कशाला पाहिजे ते सांगतो. माझ्या आईच्या नावानं जमिनीची नोटीस आली. अख्खी कानडीत. आई मराठी चौथी शिकलेली. सरकारी कागद म्हणून तिनं तो देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवला, मी सुट्टीला येईन तेव्हा वाचेन म्हणून. शेवटी शेजारच्या कानडी मास्तरांनी वाचून दाखवला, तेव्हा हरकत घ्यायला दोनच दिवस उरले होते. मास्तर स्वतः आमच्याबरोबर कचेरीत आले. आमचं भांडण कानडी माणसाशी नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे केंद्रानं 1956 सालीच ठरवून दिलंय. सुवर्णसौधमध्ये, बेळगावच्या विधानभवनात, उभं राहून हे विचारणारा एक तरी माणूस पाहिजे. पक्षाचा मराठी आमदार विचारणार नाही. त्याला पुढचं तिकीट बेंगळुरूहून पाहिजे असतं.

नंदगडचा शेतकरी

काका, तुमच्या आईची गोष्ट माझ्याही घरची आहे. तरी मी तुमच्या विरोधात लिहिणार.

2018 ला आमच्या खानापुरात समितीचे दोन गट, दोन उमेदवार. दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांपेक्षा जास्त भरतात. म्हणजे लोकांनी समितीलाच मत घातलं होतं, ते पुढाऱ्यांनी वाया घालवलं. एकी करा म्हणून गावोगावची माणसं हात जोडून सांगत होती. कुणी ऐकलं नाही.

2023 ला एकी झाली, खरं तोवर माणूस कंटाळला होता. विठ्ठल हलगेकर भाजपकडून पन्नास हजारांहून जास्त मताधिक्यानं आले आणि समितीची अनामतसुद्धा राहिली नाही. हलगेकर मराठीच आहेत ना? रस्ता, बस, मराठी शाळेला मास्तर, हे सगळं सरकारकडून येतं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात पेशंट खाली आणायचा म्हणजे काय ते शहरात बसून कळत नाही. मला आमचा माणूस सत्तेत पाहिजे. विरोधात एकटा उभा राहून काय करणार?

उचगावची लेक

दादा, "आमचा माणूस सत्तेत" हे आम्ही पण करून बघितलंय. शाळेत मास्तर आले का? माझ्या भाच्याच्या मराठी शाळेत एकच बाई तीन वर्ग सांभाळतात. तिसरीला पाढे म्हणायला लावतात आणि तोवर चौथीचं गणित फळ्यावर मांडतात. पोरांचे आईबाप काय करणार? इंग्लिश मीडियमला घालतात. मग पट कमी म्हणून शाळा बंद.

आणखी एक. 2008 ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमचा उचगाव मतदारसंघच गेला. मराठी गावं बेळगाव ग्रामीण मतदारसंघात अशी विखुरली की एकजुटीनं मतदान करूनही पूर्वीसारखा जोर राहिला नाही. हे न बोलता नुसतं "लोक समितीला विटले" म्हणणं मला पटत नाही.

कंग्राळीचा पोरगा

मी 26 वर्षांचा आहे. काकांना राग येईल, तरी सांगतो. विधानसभेत 224 जागा. 2023 ला काँग्रेसच्या एकट्याच्या 135 आल्या. समितीचे दोन नाही, पाच आमदार गेले तरी सरकारला काय फरक पडला असता? सीमाभाग कुणाचा, या सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल आमदार देणार नाही. मग उमेदवार कशासाठी उभा करायचा?

उलट नुकसान होतं. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेंना 1 लाख 17 हजार मतं पडली. जिंकलेल्या भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यातला फरक साधारण पाच हजारांचा. आपल्या मतांनी निकाल फिरला, आणि जिंकणाऱ्यानं किंवा हरणाऱ्यानं आपल्याला काय दिलं?

शहापूरकर

बाळा, राग कशाला येईल. तू आकडे घेऊन बोलतोस, मला आवडलं. खरं 135 चं वर्ष धरू नकोस. 2008 ला येडियुरप्पांच्या भाजपला 110 जागा होत्या आणि बहुमताला 113 लागत होत्या. सहा अपक्षांनी हात दिला आणि त्यातले पाच मंत्री झाले. 2018 ला पण कुणालाच बहुमत नव्हतं, तेव्हाही एक अपक्ष आणि एका छोट्या पक्षाचा एकुलता एक आमदार मंत्रिमंडळात गेले. त्या दोन्ही वेळेला समितीचा एकही आमदार नव्हता. हे मला सगळ्यात जास्त लागतं. दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर आपला माणूसच नव्हता.

कंग्राळीचा पोरगा

त्या पाच जणांना सभापतींनी 2010 ला अपात्र ठरवलं होतं, हेही सांगा की. सुप्रीम कोर्टात जाऊन परत आले, खरं मध्ये किती हाल. आणि ते मंत्रिपदासाठी गेले होते. समितीच्या आमदारानं मंत्रिपद घेतलं तर पहिला दगड आपणच मारणार.

शहापूरकर

मंत्रिपद नकोच. पाठिंबा पाहिजे असेल तर नोटिसा मराठीत द्या, शाळांना मास्तर द्या, एवढंच लिहून मागायचं.

उचगावची लेक

एक गोष्ट कुणीच बोलत नाही. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात. अर्ज मागं घ्यायची मुदत संपली की चिन्ह मिळतं, आणि ते शेजारच्या मतदारसंघात वेगळं असू शकतं. हातात दोन आठवडे. कमळ आणि हात लहान पोरालाही माहीत. आमची आजी दर वेळेला विचारायची, "औंदा आपलं चित्र कुठलं?" मग माझी आई तिच्या तळहातावर बोटानं ते काढून दाखवायची, दोन-तीनदा. आजी ते पुटपुटत मतदानाला जायची. अशा किती म्हाताऱ्या असतील ज्यांना कुणी दाखवलंच नाही? उमेदवार वर्षभर आधी ठरला, घरोघरी फिरला, तर चिन्ह उशिरा आलं तरी माणूस ओळखीचा असेल.

नंदगडचा शेतकरी

ताई, हे मात्र पटलं. वर्षभर आधी म्हणजे 2027 च्या उन्हाळ्यात. एकच नाव, आणि ते चार पुढाऱ्यांनी खोलीत बसून ठरवलेलं नको, गावागावांतल्या पंचांना विचारून ठरवलेलं पाहिजे. तसं झालं तर मी फिरेन, पेट्रोल माझं. तसं नाही झालं तर माझं मत पक्षाला जाणार, आत्ताच सांगून ठेवतो. 2018 ला आमच्या वेशीतल्या पिंपळाला दोन्ही गटांचे फलक बांधले होते, एकाच सुतळीनं, एकाखाली एक. दोन्हींवर शिवाजी महाराज. माझे वडील हयातभर समितीचे. ते फलकाखाली उभे राहिले, दोन्ही वाचले आणि मतदानाला न जाता घरी परत आले.