संग्रहालयात आ वासून उभे राहिलात, तेव्हाचं आज काय आठवतं?

कपाट आवरताना लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचा घडी पडलेला नकाशा सापडला आणि आवरणं तिथंच राहिलं. आत शिरताच डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा. 25 मीटर लांब, जबडा उघडून भक्ष्यावर झेपावणारा. मी मान वर करून खांबासारखी उभी, लोक वळसा घालून जात होते. ती मादी होती, 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागली होती, नाव होप. सगळं पाठ आहे. पुढे दोन तास पाट्या नेटाने वाचल्या, त्यातलं अक्षर आठवत नाही. तुमचं सांगा.

*

फुकोचा लंबक!! पॅरिस, पाँतेऑं. पृथ्वी फिरते हे शाळेत किती वेळा लिहिलं असेल. पण 67 मीटरच्या तारेवरचा तो गोळा हळूहळू सरकताना बघितला आणि पोटात खड्डाच पडला. तो त्याच्या रेषेत झुलतोय, फिरतेय ती पायाखालची जमीन. तिथं पूर्ण फेरीला 32 तास का लागतात, 24 का नाही, ते रात्री जागून शोधलं. अक्षांशामुळे. ध्रुवावर एका दिवसात झाली असती.

*

माझं उलट. ह्यूस्टनला आडवं ठेवलेलं सॅटर्न 5 रॉकेट, 110 मीटर. भारावून गेलो, पण लांबीशिवाय डोक्यात काही शिरलं नाही. मुलाने मात्र मागची तोंडं मोजली, पाच. पाचच का, म्हणून पिच्छा पुरवला.

*

कपडे वाळत घालता घालता लिहितेय. वॉशिंग्टनला चंद्राचा दगड, अपोलो 17 ने 1972 मध्ये आणलेला. इवलासा त्रिकोणी तुकडा, बोटं लागून लागून गुळगुळीत. हात लावला आणि रडूच आलं. बाकी नंतर लिहिते, पाऊस आला.

*

सॅटर्नवाले दादा, केल्टनर आणि हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये विस्मयाची दोन अंगं मांडली होती. समोरचं अफाट असणं, आणि ते मावावं म्हणून डोक्यातली चौकट बदलावी लागणं. मला वाटतं तुम्ही पहिल्यावर थांबलात, मुलगा दुसऱ्यापर्यंत गेला.

*

पटलं.

*

ताई, मान बरी आहे ना आता? मागच्या धाग्यात म्हणाला होतात.

*

हो गं, व्यायाम चालू आहे. दादा, मुलाला अजून आठवतं का?

*

तेव्हा सातचा होता, आता बारावीत. आत्ताच विचारलं. पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, पाच, मधलं स्थिर, बाहेरची चार वळतात.