पिकअपला हॅलोजनच ठेवू की एलईडी टाकू? (बोलेरो पिकअप, एच-४ बल्ब)

देवगड_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, २०१६ची. हेडलाइटला एच-४, साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन. मार्च ते मे आंबा वाशीला, मधूनच कोल्हापूरला. बाकी वर्षभर मिळेल ते भाडं: खत, सिमेंट, चिरे, गणपतीत चाकरमान्यांचं सामान. त्यामुळे गाडी निम्मी रात्रीच चालते.

महामार्गावर चौपदरी झालंय तिथे काही वाटत नाही, पांढरे पट्टे आणि रिफ्लेक्टर यांच्या जोरावर निभावून जातं. पण देवगड ते नांदगाव आणि पुढे फोंडाघाट चढताना डिपरवर समोर काही उरतच नाही. त्यात समोरून एखादी नवी कार पांढरा झोत टाकत गेली की पुढचा थोडा वेळ मी नुसता अंदाजाने स्टिअरिंग धरून असतो. पावसाळ्यात तर विचारू नका. काळं ओलं डांबर, त्यावर रवंथ करत बसलेली काळी म्हैस. घाटात गवेरेडे उतरतात ते वेगळंच. गवा आडवा उभा असेल तर डोळेसुद्धा चमकत नाहीत, थेट अंगच दिसतं, आणि तोवर ब्रेकवर उभं राहायची वेळ आलेली असते.

कोल्हापुरात एका ॲक्सेसरीच्या दुकानात एलईडी बघितले. जोडी साडेतीन हजार. खोक्यावर छापलंय २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप), ६५०० के (रंगाचं माप, म्हणजे पांढरा), १२० वॅट. दुकानदाराने समोरच्या भिंतीवर मारून दाखवला, डोळे दिपले. धाकटा भाऊ म्हणतो लगेच लाव. आमचा गॅरेजवाला म्हणतो एलईडीच्या नादी लागू नको, १००/९०चे हॅलोजन टाक, शंभरभर रुपयांचा जास्तीचा खर्च. वडिलांचं म्हणणं, समोरच्याला आंधळा केलास तर तो येऊन कुणावर आदळणार? तुझ्यावरच.

ज्यांनी पिकअपला प्रत्यक्ष लावून पाऊस काढलाय त्यांनी सांगा. कारवाल्यांचे अनुभव नकोत, त्यांचे हेडलाइट आमच्या कमरेला येतात.

मिरकरवाडा_बर्फवाला

डोळे झाकून एलईडी लाव. माझ्या गाडीला गेल्या पावसाळ्याआधीपासून आहेत. मिरकरवाड्यातून मासळी भरून आंबा घाटाने वर, रोजचंच. कोरड्या रस्त्यावर दिवस उगवल्यासारखं वाटतं. रस्त्याच्या कडेचं गवतसुद्धा पातं-पातं दिसतं. बॅटरीवर भार कमी, होल्डर तापत नाही.

दोन तक्रारी आहेत. बल्बच्या पाठीमागे बारका पंखा असतो, त्यातल्या एकाने खाऱ्या हवेने मान टाकली. त्या बाजूचा बल्ब पंधरा-वीस मिनिटांत तापून मंद होतो. दुसरं म्हणजे लाइट लावला की आकाशवाणी रत्नागिरी लागत नाही, नुसती खरखर. बाकी उत्तम. हां, समोरचे गाडीवाले अप्पर मारून शिव्या घालतात, पण ते पूर्वीही घालायचे.

कुडाळ_वायरमन

देवगडकर, साडेतीन हजार सध्या खिशातच ठेवा आणि एक मल्टिमीटर मिळवा. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब होल्डरमध्ये बसलेलाच, आणि होल्डरच्या मागच्या बाजूने पिना टोचून व्होल्टेज मोजा. बल्ब काढून मोजू नका. लोड नसला की सडक्या वायरवरसुद्धा मीटर छान आकडा दाखवतो.

हे आधी का, ते सांगतो. एच-४चे जे आकडे ठरलेले आहेत, अप्परला साधारण १६५० ल्युमेन आणि डिपरला १०००, ते १३.२ व्होल्टला धरलेले असतात. व्होल्टेज थोडं उतरलं तर हॅलोजनचा उजेड थोडा उतरत नाही, कोसळतो. होल्डरवर १२ व्होल्ट पोचत असतील तर पाव उजेड गेला. साडेअकरा पोचत असतील तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. माझ्याकडे "उजेड पडत नाही" म्हणून ज्या जुन्या पिकअप येतात, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं बल्बच्या मागे असतं, बल्बात नसतं. होल्डर ओढून काढला की प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, एक पिन ढिली, वायर वाकवली तर कवच कडाकडा मोडतं आणि आतलं तांबं काळं. मग बॉडीला जिथे अर्थचा (अर्थिंगची वायर बॉडीला जोडणारा) बोल्ट आहे तिथे बघायचं: पत्र्याला गंज, टर्मिनलवर हिरवी भुकटी. किनाऱ्यावरच्या गाडीला हे चुकत नाही. मासळीची गाडी असेल तर विचारायलाच नको.

मोजून घ्या. बॅटरीवर १४ च्या आसपास आणि होल्डरवर १२ किंवा त्याखाली, एवढा फरक आला तर रिलेचं वायरिंग करून घ्या (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). बॅटरीवरून थेट जाड वायर, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, अप्परला एक रिले, डिपरला एक, होल्डर सिरॅमिकचे आणि अर्थ नवीन. जुनी वायर फक्त रिले उठवायला राहते, त्यामुळे स्विचवरचा भारही जातो. खर्च एलईडीच्या जोडीपेक्षा कितीतरी कमी.

त्यानंतर काच पुसा आणि आत टॉर्च मारून रिफ्लेक्टर बघा. आरशासारखा लख्ख हवा. दुधी पडला असेल, कडेला काळपट डाग असतील, तर त्यात कुठलाही बल्ब घाला, उजेड तिथेच मरणार. मग हेडलाइटच बदलायचा.

आता एलईडीबद्दल. एच-४च्या आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक बारीक वाटी असते, जुना उडालेला बल्ब उन्हात धरून बघा, स्पष्ट दिसेल. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. भिंतीवर डिपरची जी रेघ दिसते, डाव्या बाजूला जराशी वर चढणारी, ती या वाटीने आणि हेडलाइटच्या घडणीने होते. फिलामेंट पाच-साडेपाच मिलिमीटर लांब, आणि तेही ठरलेल्या जागी. रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब त्या जागेवर बसवलेला असतो. एलईडी बल्बात तिथे तार नसते. मधे एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिप. पट्टी जाड असली किंवा चिप मिलिमीटरभर मागेपुढे असली की हिशेब बिघडतो. उजेड कमी होत नाही, पण भलतीकडे जातो: थोडा झाडात, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत, आणि बराचसा तुमच्याच बंपरपुढच्या पाच-दहा मीटरवर. रत्नागिरीच्या बर्फवाल्यांना गवताचं पातं दिसतं ते त्यामुळेच. जवळचं एवढं उजळलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा गवा आणखी काळा होतो.

खोक्यावरचे आकडे सोडून द्या. १२० वॅट म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. एवढी उष्णता त्या चिमुकल्या हीटसिंकमधून (बल्बमागच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या भागातून) बाहेर पडणार कशी? मीटर लावला की बहुतेक बल्ब त्याच्या पाव हिश्श्यावर येतात. चांगल्या कंपन्यांचे, पातळ पट्टीचे एलईडी आहेत, त्यांचा झोत बऱ्यापैकी जागेवर पडतो हे खरं. पण जर्मनीत २०२० पासून असे बल्ब रस्त्यावर चालायला लागले तेही ठराविक मॉडेलच्या ठराविक हेडलाइटपुरते, तपासून. "कुठल्याही गाडीला बसतो" असं तिथे कुणी मान्य केलेलं नाही.

१००/९० तर नकोच. तुमची वायर ५५ वॅटला दमली आहे, ती ९० कुठून नेणार? होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो, आणि कायद्यातही बसत नाही.

सर्जेकोट_खाडी

मासेमारीची बंदी उठली काय ऑगस्टात माझी गाडी मासळी घेवन करूळ घाटातसून वर जाता. मिया धुक्यात एलईडी लावन बघितलंय. समोर पांढरी भित उभी रवता, बाकी काय एक दिसना नाय. रस्तो खंय आणि दरी खंय ता कळना नाय. काढून टाकलंय. हॅलोजनाचो पिवळो उजेड धुक्याक भेदून जाता, म्हणान मी म्हणतंय हॅलोजनच बरो.

कुडाळ_वायरमन

सर्जेकोट, अनुभव शंभर टक्के खरा, कारण मात्र वेगळं. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही त्यांच्यावरून सारखेच मागे फिरतात. पिवळा भेदून वगैरे जात नाही. भिंत उभी राहते ती रेघेच्या वर गेलेल्या उजेडामुळे. तो उजेड तुमच्या डोळ्यांसमोरच्या धुक्यावर पडतो आणि परत येतो. हॅलोजनवर अप्पर मारून बघा, तशीच भिंत दिसेल. निळसर पांढरा डोळ्याला जास्त टोचतो, एवढं मात्र मान्य. म्हणून धुक्यासाठी बंपरच्या खाली रुंद झोताचे फॉग लॅम्प लावतात, धुक्याच्या पोटाखालून उजेड जायला.

आणखी एक. आपल्याकडे जुलैत हेडलाइटच्या आत वाफ धरते. हॅलोजन तापला की ती काच थोड्या वेळात आपोआप सुकते. एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंककडे जाते, काच थंडच राहते, आणि ती वाफ दिवसचे दिवस आत बसते. रिफ्लेक्टर खराब व्हायला तेवढं पुरतं.

चिपळूण_पासिंग

मी पासिंगची कामं करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६: समोरचा दिवा असा हवा की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. पिकअप म्हणजे मालवाहू. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी. २०१६ची गाडी आता दरवर्षीच्या रांगेत आहे. लोक पासिंगच्या आदल्या दिवशी एलईडी काढून हॅलोजन घालतात आणि बाहेर आल्यावर परत बदलतात, मला माहीत आहे. पण रात्रीचा अपघात झाला आणि समोरच्याने "डोळे दिपले" असा जबाब दिला की मग त्या जोडीची खरी किंमत कळते.

मिरकरवाडा_बर्फवाला

वायरमनसाहेब, सगळं बरोबर असेल, पण मला दिसतंय ना? माझा एलईडी निघणार नाही. फोकस तेवढा खाली करून घेतो. तो घरी करता येतो का?

कुडाळ_वायरमन

येतो. सपाट जागा, समोर भिंत, गाडी भिंतीपासून १० मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीला खडूने रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. पण हे रिकाम्या गाडीने करू नका. पिकअपचा हौदा भरला की मागचे पाटे बसतात आणि नाक वर जातं. पेट्या किंवा क्रेट नेहमीएवढे भरा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, मगच स्क्रू फिरवा. तुमच्या एलईडीला भिंतीवर मुळात कड सापडते का, तेही त्याच वेळी कळेल. नुसता पांढरा ढग दिसला तर कितीही खाली करा, वर जाणारा उजेड वर जाणारच.

देवगड_पिकअप

सगळ्यांचे आभार. मीटर शेजारच्या टीव्हीवाल्याकडून आणला. बॅटरीवर १४.१. डावीकडे होल्डरवर १२.३, उजवीकडे ११.६. उजवीकडची अर्थ उघडली तर बोल्ट हातातच आला, अर्धा गंजून गेलेला. खरवडून, नवा बोल्ट आणि नवा लग (वायरच्या टोकाची कडी) लावून परत मोजलं तर उजवीकडे १२.४. एवढ्यानेच फरक डोळ्याला कळला, भाऊसुद्धा गप्प झाला.

रिलेचं वायरिंग आता करून घेतोय, सिरॅमिक होल्डरसकट. रिफ्लेक्टर डावा ठीक आहे, उजवा खालच्या कडेला दुधी, तो हंगामाआधी बदलेन. एक विचारायचं राहिलं. खोक्यावर "१३० टक्के जास्त उजेड" लिहिलेले ६०/५५चेच हॅलोजन मिळतात, तिप्पट किमतीचे. ते घेऊ का साधे? आणि जुने बल्ब टाकून देऊ का?

कुडाळ_वायरमन

साधे घ्या, चांगल्या कंपनीचे, दोन्ही एकदम बदला. त्या महागड्यांची तार बारीक गुंडाळलेली असते. उजेड झोताच्या एका टप्प्यात वाढतो, सगळीकडे १३० टक्के नाही, आणि आयुष्य कमी. रात्रभर चालणाऱ्या आणि खड्ड्यांत आदळणाऱ्या गाडीला ते परवडत नाहीत. शिवाय रिलेनंतर व्होल्टेज पूर्ण मिळायला लागलं की ते आणखी लवकर उडतात.

जुने टाकू नका, डॅशबोर्डात स्पेअर ठेवा. पण खोक्यात, आणि काचेला बोट न लावता. बोटाचा तेलकटपणा लागलेली काच तापल्यावर त्याच जागी दगा देते. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा. वायरिंग करताना रिलेचं तोंड खाली ठेवायला सांगा, पाणी आत साचत नाही.