शब्दचर्चा : 'सल्ला' आणि 'मर्जी'

विचारणा (नांदेड) : सर, एमपीएससीची तयारी करायलोय. पुस्तकात लिहिलंय, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या 'सल्ल्या'नं वागतात आणि मंत्री राष्ट्रपतींची 'मर्जी' असेपर्यंत पदावर राहतात. आपल्याकडं सोयरिकीच्या बैठकीत मामाचा सल्ला घेतात. पटला तर ऐकतात, नाही पटला तर सुपारी फोडून मोकळे. मग सल्ला बंधनकारक कसा?

उत्तर (परभणी) : बाळा, घटनेत हे दोन्ही शब्द उताणे पडलेत. सल्ला म्हणतात तो जवळजवळ हुकूम, आणि मर्जी म्हणतात ती दुसऱ्याचीच. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ७४ मध्ये राष्ट्रपतींनी सल्ल्यानुसारच वागायचं, हे पक्कं केलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं एक फट ठेवली : फेरविचार करा म्हणून सल्ला एकदा परत धाडता येतो. तोच पुन्हा आला की मान्य करायचा. पण ती फट काही कमी नाही. १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली, आणि मंत्रिमंडळानं ती पुन्हा पाठवलीच नाही.

आता मर्जी. आपल्या भागात जुन्या माणसांना मर्जी म्हटलं की निजामच आठवायचा. फर्मान निघालं, विषय संपला. तोच मीर उस्मान अली खान १९५० साली हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा नावापुरता प्रमुख झाला, १९५६ पर्यंत होता. फर्मान काढणारा हात मंत्र्यांनी पुढं केलेल्या कागदावर सही करायला लागला! राष्ट्रपतींची मर्जीही तसलीच. लोकसभेत बहुमत असलेल्या पंतप्रधानाला 'माझी मर्जी उतरली' म्हणून घरी पाठवता येत नाही.

(लातूर) : 'राजवट' शब्दही फसवाच की. राष्ट्रपती राजवटीत राज्याचा कारभार खरा केंद्र सरकारच चालवतं. अनुच्छेद ३५६ मध्ये 'राजवट' कुठंच नाही. आणि आपली वर्तमानपत्रं अमेरिकेच्या प्रमुखाला 'राष्ट्राध्यक्ष' म्हणतात, ते मला तरी बरोबर वाटतं. तिथं तो स्वतः सरकार चालवतो. एकाच शब्दात दोघांना कोंबलं तर पोरं परीक्षेत घोटाळा करतात.

(परभणी) : पटलं. आणखी एक : विधेयकावरच्या सहीला 'मंजुरी' लिहू नका. मंजुरी सभागृहाची, राष्ट्रपतींची 'अनुमती'. राजपत्रातही अनुमतीच असते.

विचारणा (नांदेड) : अनुमती दिलीच नाही तर?

(परभणी) : धन विधेयक नसेल तर परत पाठवता येतं. २००६ साली अब्दुल कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक पाठवलं होतं. संसदेनं ते तसंच पुन्हा संमत केलं, मग त्यांना सही करावीच लागली. पण सहीला मुदत नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक झैलसिंगांनी ना परत केलं, ना सही केली. पुस्तकात याला 'खिशातला नकाराधिकार' म्हणतात.

(लातूर) : खिसा कशाला? आपलं 'दप्तरी दाखल' आहे की.

(परभणी) : नाही जमत. दप्तरी दाखल करताना कारकून निदान शेरा तरी मारतो. इथं शेराच नाही. 'बासनात बांधून ठेवलं' म्हणा.