मदत हवी आहे: वेब्ली रिव्हॉल्वरच्या प्रतिकृतीवर पांढरी पूड

गिरगाव_चौपाटी:
जस्ताच्या मिश्रधातूची, गोळी न झाडणारी वेब्ली (जुन्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वरची प्रतिकृती). पावसाळ्यात बिजागरीच्या स्क्रूभोवती पांढरी पूड धरली आहे. ठेवण्याची जागा प्लायवूडचं काचकपाट, खिडकी समुद्राकडे. पितळेसारखी चिंच किंवा व्हिनेगर लावू का? शिवाय खोक्यावर ‘एनफील्ड’ लिहिलंय, बॅरल १५२ मिमी, मुठीचा तळ चौकोनी. मग ही नक्की कोणती?

जुना_दारूगोळा:
चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही नको! आम्लात जस्त विरघळतं, काळा थर जाऊन खड्डे पडतील.

पूड स्क्रूभोवतीच का? स्क्रू पोलादी, बॉडी जस्ताची. खारट दमट हवेत दोन्ही एकमेकांना टेकलेले असले की जस्त आधी झिजतं. लोहचुंबक फिरवून बघा, चिकटेल ते पोलाद. त्याच्या आजूबाजूला नीट तपासा.

कोरड्या मऊ टूथब्रशने पूड झाडा, फटीत बांबूची काडी. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नाही. चिकट डाग उरला तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, पण आधी मुठीच्या आतल्या बाजूला कापूस टेकवून बघा. काळा रंग कापसावर उतरला तर तिथेच थांबा. पूर्ण सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (धातूवर लावायच्या बारीक स्फटिकांच्या मेणाचा) अगदी पातळ हात, १० मिनिटांनी सुती कापडाने पुसून घ्या. जाड थरात धूळ बसते.

माहीम_खाडी:
आधी केसासारख्या भेगा आहेत का ते पाहा. सिलिंडर फुगून अडकत असेल तर दोष ओतकामातल्या शिशासारख्या अशुद्धीचा, धातू आतून फुटतोय. त्यावर वॅक्सचा उपयोग नाही. जोर लावून फिरवू नका, तुकडा पडेल.

प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते, म्हणून नग तिथून हलवाच. १० लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. फोम आणि चामडी होल्स्टर डब्यात नको, चामडंही आम्ल सोडतं.

जुना_दारूगोळा:
ओळखीचं राहिलंच. खोक्यावरचं नाव चूक. ६ इंची बॅरल आणि चौकोनी मूठ म्हणजे वेब्ली मार्क ६, १९१५ची, .४५५ कॅलिबरची. एनफील्ड क्रमांक २ ही वेगळी ब्रिटिश रिव्हॉल्वर, .३८ कॅलिबरची, बॅरल ५ इंच, म्हणजे १२७ मिमी. वरची कडी सोडून बॅरल बिजागरीवर खाली वाकवून उघडणं दोन्हीत सारखंच, म्हणून गल्लत होते.