सप्टेंबरची क्रूझ: जायचं की नाही? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

दादा: कॅरिबियन क्रूझ, सात रात्री, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. डिसेंबरपेक्षा बरीच स्वस्त आहे. कोण कोण येतंय?

मोठे काका: स्वस्त का आहे ते पाहिलंस का?

वहिनी: काका, मी पाहिलं. अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर आणि ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. ह्यांनी नेमका तोच आठवडा शोधून काढलाय.

दादा: 🙏🙏

आत्या: अगं बाई! आणि जहाज वादळात सापडलं तर?

छोटू: आत्या, सापडू देत नाहीत. क्रूझचं जहाज २०-२२ नॉटने पळतं, म्हणजे ताशी ३७ ते ४० किमी. त्या पट्ट्यातलं वादळ साधारण ताशी १५ ते २५ किमीने सरकतं. त्याचा रोख काही दिवस आधीच कळायला लागतो. कॅप्टन वळसा घालून निघून जातो.

आत्या: मग अडचण कसली?

वहिनी: त्या वळशाचीच. सेंट थॉमस, सेंट मार्टिन ही बेटं यादीत बघून आपण पैसे भरायचे आणि उतरायचं मेक्सिकोतल्या कोझुमेलला. बंदर बदलायचा किंवा गाळायचा हक्क कंपनीने तिकिटाच्या करारातच राखून ठेवलेला असतो. गाळलेल्या बंदराचे कर वगैरे परत येतात, भाडं सहसा नाही. बेटावरची सहल जहाजामार्फत घेतली असेल तर तिचे पैसे परत मिळतात. परस्पर बाहेर ठरवलेली असेल तर आपण आणि तो टूरवाला.

काकू: आमचं अगदी हेच झालं होतं. बुकिंग ईस्टर्न कॅरिबियनचं, गेलो वेस्टर्नला. वादळ शेकडो किमी लांब, तरी लाटा अशा की स्विमिंग पूल रिकामा करून वर जाळी बांधली. लिफ्टजवळच्या कठड्याला उलटीच्या कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, जाता-येता घ्या म्हणून. डायनिंग हॉल निम्मा ओस. मला मजा आली, पण ह्यांना विचारू नका.

धाकटे काका: विचारा की. मी केबिनबाहेर पाऊल टाकलं नाही.

छोटू: केबिन कुठे होती?

धाकटे काका: वरच्या डेकवर, अगदी पुढे. व्ह्यू छान म्हणून हिने घेतली.

काकू: व्ह्यू छानच होता.

छोटू: काका, सगळ्यात जास्त हलतं ते तिथेच. मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्यायची. स्टॅबिलायझरने जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी होतं, पण नाक वर-खाली होतं ते त्याने फारसं थांबत नाही. आणि उलटीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून.

मोठे काका: इन्शुरन्सचं काय?

वहिनी: काढायचा तर बुकिंग केल्या केल्या. वादळाला नाव पडलं की विमा कंपन्या ती 'माहीत असलेली घटना' धरतात. त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं नुकसान बसत नाही. आणि नाव पडतं वारे ताशी ६३ किमीला पोचले की. हरिकेन म्हणतात ११९ पासून, म्हणजे नाव बरंच आधी पडतं. शिवाय 'बातम्या बघून भीती वाटली' म्हणून रद्द केलं तर साध्या पॉलिसीत दमडी मिळत नाही. कोणत्याही कारणाने रद्द करायची सोय वेगळी असते, महाग असते आणि तीही सगळे पैसे देत नाही.

मोठे काका: पॉलिसीची पीडीएफ इथे टाका. मी वाचल्याशिवाय कोणी पैसे भरू नका.

दादा: बरं, दक्षिणेकडचा रूट घेऊ. अरुबा, बोनेर, कुरासाओ. व्हेनेझुएलाला लागून आहेत, वादळं बहुधा त्यांच्या उत्तरेकडून जातात.

छोटू: बहुधा 😄 ग्रेनेडाही तसं दक्षिणेलाच. २०२४ मध्ये बेरिल १ जुलैला तिथल्या करियाकू बेटावर चौथ्या श्रेणीचं होऊन धडकलं. मग पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला गेलं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेलं दुसरं वादळ नाही. तरी अरुबाकडे धोका कमी, हे खरं.

वहिनी: पण जहाज सुटणार फ्लोरिडातून ना? वादळ तिकडे वळलं तर अरुबात ऊन पडून काय उपयोग? अमेरिकेचं कोस्ट गार्ड बंदरांसाठी व्हिस्की, एक्स-रे, यांकी, झुलू अशा पायऱ्या जाहीर करतं. झुलू म्हणजे १२ तासांत वादळी वारे येणार, बंदर बंद. आत यायचं जहाज मग बाहेरच तरंगत राहतं, कधी एक-दोन दिवस.

मोठे काका: मी बीपीच्या गोळ्या दिवस मोजून नेतो.

वहिनी: चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या घ्या काका, आणि हँडबॅगेत. परतीचं विमान त्याच दुपारचं नको, तिकीट बदलता येणारं हवं. जाताना एक दिवस आधी पोचायचं. पासपोर्ट सगळ्यांचे सोबत. आणि मेक्सिकोसारख्या पर्यायी बंदराला आपला व्हिसा चालतो का, तेही आधीच बघून ठेवायचं.

दादा: एवढं सगळं असेल तर राहू दे मग.

वहिनी: तसं नाही हो. जहाजावर लोळायला जायचं असेल तर सप्टेंबर उत्तम, कुठेही नेलं तरी चालतंय. ठरावीक बेट बघायचंच असेल तर नको.

आत्या: मला ते डोक्यावरून विमान जातं तो बीच बघायचाय.

छोटू: माहो बीच. सेंट मार्टिन.

वहिनी: मग नोव्हेंबरचा मध्य बघा. सीझन संपलेला नसतो, पण जोर ओसरलेला असतो. थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सुट्टीचा, आठवडा तेवढा टाळा, भाव चढतात.

दादा: ओके. रात्री नोव्हेंबरच्या दोन-तीन तारखा दरासकट टाकतो.

धाकटे काका: आमची केबिन मधली. खालची. खिडकी नसली तरी चालेल.

काकू: चालणार नाही.